पोलाम राइट डॉट कॉमची विक्री

रघुरामाला बसगाड्यांचं वेड आहे हे कामाक्षीला लग्नाआधी कोणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी तिने नकार दिला नसता. मुलगा कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो, तंजावूरला मेलवीथीत स्वतःचं घर आहे, विडीकाडी नाही, एवढं तेव्हा पुरेसं होतं. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात दोघं कुंभकोणमला देवदर्शनाला निघाली. रघुरामाने समोर आलेली पहिली बस सोडली, दुसरीही सोडली, आणि तिसरी आली तेव्हा म्हणाला, हिचं इंजिन ऐक. रेशमी साडी नेसून भर उन्हात उभ्या असलेल्या कामाक्षीने इंजिन ऐकलं. तिला ते आधीच्या दोन इंजिनांसारखंच वाटलं.

त्याला बस चालवायची नव्हती की विकत घ्यायची नव्हती. कॉलेज सुटलं की तो बसस्टँडवर जाऊन उभा राही. कोणती गाडी उशिरा आली, कोणाचा ड्रायव्हर बदलला, करूरहून नवी बॉडी चढवून आलेल्या गाडीच्या खिडक्या कशा आहेत, हे बघे आणि घरी येऊन सांगे. कामाक्षी एका चिट फंडाच्या कचेरीत हिशेब लिहायची. दिवसभर आकडे पाहून आल्यावर तिला आणखी आकडे ऐकायचे नसत. पण घरात तिसरं कोणी नव्हतं. मूल झालं नव्हतं, सासूसासरे गेले होते. भाजी चिरता चिरता ती ऐकून घेई, आणि पंचवीस वर्षांत तिच्या नकळत तिला सगळं पाठ झालं.

१९९७ साली रघुरामाचा भाचा साईराम अमेरिकेत शिकायला गेला आणि जाताना आपला कॉम्प्युटर मामाकडे ठेवून गेला. तिकडे त्याला घरची आठवण येई. आई-वडिलांची तो चौकशी करायचाच, पण एकदा त्याने विचारलं की अय्यमपेट्टैवरून सकाळी जाणारी ती लाल गाडी अजून आहे का. रघुरामाने त्याला चार पानी उत्तर दिलं. उत्तर कामाक्षीने टाइप केलं, कारण टायपिंगची हायर परीक्षा तिने दिली होती आणि रघुराम एका बोटाने अक्षरं शोधत बसे. साईरामने ते उत्तर तिथल्या चार मित्रांना दाखवलं. त्या चौघांनी आपापल्या गावच्या गाड्यांबद्दल विचारलं. मग साईरामने एक वेबसाइटच केली. गाडी सोडताना कंडक्टर ‘पोलाम, राइट’ म्हणून ओरडतो, म्हणजे चला, निघू या. तेच नाव तिला दिलं.

सुरुवातीला इंटरनेटसाठी तिरुच्चीला एसटीडी लावावा लागे. मोडेम किंचाळत राही, लाइन तुटे, पुन्हा लावावी लागे. टेलिफोनचं बिल आलं की कामाक्षी ते रघुरामासमोर ठेवी आणि तो खरोखर चकित होऊन विचारी, इतकं कसं आलं? दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

लोक मात्र येत राहिले. सिंगापूरहून, दुबईहून, न्यू जर्सीहून पत्रं येत. रघुरामाने स्टुडिओतून फोटो स्कॅन करून आणले. टेपरेकॉर्डर काखेत धरून तो गाड्यांचे हॉर्न ध्वनिमुद्रित करू लागला. लोक त्याला वेडा समजत, पण ड्रायव्हर मंडळी खूश होत आणि मुद्दाम वळणावर लांब हॉर्न देत. हे हॉर्न न्यू जर्सीत लोक रात्री जेवल्यावर ऐकतात असं साईरामने कळवलं तेव्हा कामाक्षीला ते आधी खरं वाटलं नाही. मग दुबईच्या इस्पितळात काम करणाऱ्या एका नर्सचं पत्र आलं. तिने विचारलं होतं, आमच्या गल्लीच्या तोंडाशी सकाळची गाडी माझ्यासाठी थांबायची, ती आता कोणासाठी थांबते? रघुराम तेव्हा पट्टुकोट्टैला गेलेला होता. कामाक्षीने स्वतःच त्या गावच्या दुकानात फोन करून चौकशी केली आणि उत्तर लिहिलं. पत्र ‘प्रिय रघुराम सर’ अशा नावाने आलं होतं, म्हणून खाली तिने ‘रघुराम’ असंच लिहिलं.

इथून ती पद्धतच पडली. रघुराम गाड्यांत, आणि रघुरामाच्या नावाने उत्तरं लिहायला कामाक्षी. त्याला ते माहीत होतं. विचारलं तर तो म्हणे, तू लिहितेस ना, मग मी आणखी काय लिहू?

सगळ्यात जास्त पत्रं लिहायचा तो न्यू जर्सीचा राजगोपाल. तोही आपल्यातलाच, म्हणजे तंजावूरकडच्या मराठी मंडळींपैकी, पापनाशमच्या आतल्या एका खेड्यातला, आजोबा तिथल्या शाळेत हेडमास्तर. त्याचं म्हणणं होतं की त्याच्या लहानपणी तंजावूरला जाणाऱ्या गाडीवर निळी पट्टी होती. साइटवर हिरवी लिहिली होती. कामाक्षीने त्या गाडीच्या मालकाच्या सुनेला गाठलं, जुना फोटो पाहिला, हाताने रंगवलेला का होईना, आणि पट्टी हिरवीच असल्याचं कळवलं. राजगोपालने लिहिलं की हाताने रंगवलेल्या फोटोला पुरावा म्हणत नाहीत. तिने लिहिलं की चाळीशीतल्या माणसाच्या बालपणच्या आठवणीलाही म्हणत नाहीत. हे भांडण तीन वर्षं चाललं. मध्येच दुसऱ्या विषयांवर तो अगदी गोड लिही, पाऊसपाणी विचारी, आणि मग एखाद्या सोमवारी पुन्हा निळ्या पट्टीवर येई. सोमवार उजाडला की कामाक्षीच्या कपाळावर आठी चढे.

वाचक वाढले तशा जाहिराती आल्या. ऑडिटर चिदंबरने सांगितलं की आता रीतसर कंपनी करा. कंपनी झाली. कामाक्षीने चिट फंडाची नोकरी सोडली, पुढच्या खोलीत दोन टेबलं मांडली, टाइप करायला दोन मुली ठेवल्या. पहिली मोठी जाहिरात कुंभकोणमच्या एका टायर रिट्रेडिंगवाल्याची. रघुराम म्हणाला, ही घेता येणार नाही, ह्याचे टायर मन्नारगुडीच्या गाडीला लावले होते आणि वळणावर आवाज करत होते. कामाक्षीने विचारलं की आवाज म्हणजे काय, फुटले का? नाही, आवाज करत होते. दोन दिवस ह्यावर वाद झाला. तिसऱ्या दिवशी त्याला काही न सांगता तिने जाहिरात लावली. त्याच्या लक्षातही आलं नाही, कारण तो स्वतःची साइट कधी उघडून बघत नसे.

मग एका बसमालकाच्या गाडीबद्दल रघुरामाने लिहून दिलं की तिचा ब्रेक जखमी जनावरासारखा ओरडतो. टायपिस्ट मुलीने ते तसंच लावलं. त्या मालकाचा भाऊ सिंगापुरात होता, त्याने वाचलं, फोन केला, आणि मालक दुपारी दोन माणसं घेऊन दारात उभा राहिला. रघुराम त्यांना ब्रेक कसा ओरडतो ते तोंडाने करून दाखवू लागला. कामाक्षीने सगळ्यांना कॉफी दिली, माफी मागितली, वाक्य काढलं आणि संध्याकाळी आंघोळ करून देवासमोर बसली. रघुराम म्हणाला, पण ब्रेक ओरडतो हे खरं आहे की.

२००० साल उजाडलं तेव्हा वर्तमानपत्रांत रोज कोणती ना कोणती वेबसाइट कोणी ना कोणी विकत घेतल्याची बातमी असे. चेन्नईत ‘दक्षिणद्वार’ नावाची एक नवी कंपनी निघाली होती. तिच्याकडून मंगला नावाची एक तरुण बाई आली. वय सत्तावीस-अठ्ठावीस, बोलणं झरझर, इंग्रजीतून सुरू झालेलं वाक्य तमिळमध्ये संपायचं. ती चेन्नईहून मोटारीने आली होती. रघुरामाला तेच आधी आवडलं नाही. बसच्या धंद्याचं बोलायला मोटारीने का यावं, असं त्याने तिला सरळ विचारलं. ती हसली. तिला वाटलं की तो विनोद करतो आहे.

तिने वाचकांचे आकडे पाहिले आणि तिचे डोळे चमकले. तिचा हिशेब सोपा होता. इतके लोक बसच्या वेळा बघतात, म्हणजे इतके लोक बसने जातात. त्यांना इथेच तिकिटं विकायची, मग हॉटेलं विकायची, मग यात्रा विकायच्या.

कामाक्षीने तिला समजावून सांगितलं की वाचणारे लोक बसने जात नाहीत. ते न्यू जर्सीत राहतात. त्यांना गाडी पकडायची नाही, गाडी सुटते आहे एवढंच कळून घ्यायचं आहे.

मंगलाने लिहून घेतलं आणि म्हणाली, परदेशात राहणारे, म्हणजे आणखी उत्तम.

कामाक्षीने पुन्हा सांगितलं. जेवताना पुन्हा सांगितलं. मंगलाने दर वेळी मान डोलावली. महिन्याभराने तिने चेन्नईच्या मोठ्या लोकांना दाखवायला तयार केलेले कागद आले, त्यात पहिल्या पानावर होतं की पोलाम राइटचे प्रवासी प्रामुख्याने सधन आहेत. कामाक्षीने फोन करून म्हटलं, ते प्रवासी नाहीत. मंगला म्हणाली, मॅडम, शब्दाचा प्रश्न आहे.

विकायचं की नाही, हे ठरवायला कामाक्षी दोन आठवडे झोपली नाही नीट. ती थकली होती. रोजची पत्रं, मुलींच्या रजा, साईरामचे रुसवे, राजगोपालचे सोमवार. दक्षिणद्वारची रक्कम मोठी होती, निम्मी रोख आणि निम्मी त्यांच्या शेअरमध्ये. शिवाय वर्षभर दोघांना पगार. तिने रघुरामाला विचारलं. त्याने विचार करून एकच अट सांगितली: साइटवर लिहिलेली प्रत्येक वेळ तिथे स्वतः जाऊन बघितलेली असली पाहिजे. मालकाने छापलेली वेळ लावायची नाही, कारण छापलेली वेळ आणि गाडीची वेळ ह्यांचा काही संबंध नसतो. मंगलाने ही अट आनंदाने करारात घातली. करारात असंही होतं की दोघांनी दोन वर्षं तशीच दुसरी वेबसाइट काढायची नाही. कामाक्षीने करार दोनदा वाचला, चिदंबरकडून वाचून घेतला. रघुरामाने जिथे बोट ठेवलं तिथे सही केली आणि गाडीची वेळ झाली म्हणून निघून गेला.

चेन्नईच्या वर्तमानपत्रात बातमी आली. तंजावूरच्या प्राध्यापकाच्या छंदाची कंपनी झाली आणि ती विकली गेली, असं. रघुरामाचा फोटो होता, मागे बस. कामाक्षीचं नाव शेवटच्या ओळीत होतं, पत्नीचं सहकार्य लाभलं म्हणून. घराजवळच्या वाण्याने कात्रण दुकानात लावलं.

पुढचे सहा महिने कामाक्षीला आठवले तरी डोकं दुखतं. चेन्नईहून रोज कोणीतरी नवा माणूस फोन करी आणि आदल्या दिवशीच्या माणसाने सांगितलेलं रद्द करी. दिवसाला दहा लेख हवेत. लेख नकोत, स्पर्धा हवी. बसच्या रंगावरून तुमचा स्वभाव ओळखा, असं एक सदर सुरू झालं. पानाच्या वरच्या कोपऱ्यात एक बस सतत डावीकडून उजवीकडे धावू लागली, त्यामुळे पान उघडायला इतका वेळ लागे की दुबईच्या नर्सने लिहिलं, तेवढ्यात खरी बस पोहोचेल. मग त्यांनी मालकांकडून छापील वेळापत्रकं मागवली आणि एका रात्रीत सगळ्या वेळा बदलल्या. रघुरामाने करार काढला, अटीवर बोट ठेवलं आणि कामाक्षीला म्हणाला, त्यांना सांग. तिने सांगितलं. फोनवरच्या माणसाने करार वाचला नव्हता. ज्याने वाचला होता तो नोकरी सोडून गेला होता. मंगला दिल्लीला मीटिंगमध्ये होती, मग मुंबईला मीटिंगमध्ये होती.

वाचक चिडले, आणि चिडले ते कामाक्षीवर. विकण्याच्या बातमीतून तिचं नाव आता कळलं होतं, आणि हिशेब बघणारी तीच हेही साईरामने कुठेतरी लिहून टाकलं होतं. रघुराम सरांसारख्या भल्या माणसाला बायकोने पैशासाठी गुंडाळलं, असं एकाने लिहिलं. ह्या पत्राला काय उत्तर द्यावं हे तिला कळेना, कारण उत्तर रघुराम सरांच्या नावानेच जायचं होतं. तिने ते तसंच ठेवलं.

त्या वर्षी मार्गशीर्षात, दुपारच्या वेळी, राजगोपाल दारात उभा राहिला.

तो वडिलांच्या वर्षश्राद्धासाठी अठरा वर्षांनी गावी आला होता. त्याच्या खेड्यात सकाळी एकच गाडी आत जायची. तिची वेळ साइटवर पाहून, मुद्दाम त्याच गाडीने घरी जायचं म्हणून तो तंजावूरच्या बसस्टँडवर उभा राहिला होता. ती गाडी दोन महिन्यांपूर्वी बंद झाली होती. रघुरामाने तसं चेन्नईला कळवलं होतं, त्यांनी बदललं नव्हतं. राजगोपाल उभा राहिला, राहिला, मग पापनाशमला गेला, तिथून ऑटो करून पोहोचला तोवर थोरल्या भावाने पिंडदान आटोपून ब्राह्मणांना पानावर बसवलं होतं. भाऊ काही बोलला नाही. ते न बोलणं घेऊन तो दोन दिवसांनी इथे आला होता.

रघुरामाने त्याला बसवून घेतलं आणि प्रेमाने विचारलं, कोणतं गाव तुमचं? राजगोपालला वाटलं हा मुद्दाम वेड पांघरतो आहे. आपल्या तमिळ वळणाच्या, बरीच वर्षं न वापरलेल्या मराठीत तो म्हणाला, "मी राजगोपाल. न्यू जर्सीचा. तीन वर्षें पट्टीवरून भांडतों आहे, आणि माझें गांव विचारतां?"

"कसली पट्टी?" रघुरामाने विचारलं.

आतून कामाक्षी बाहेर आली. तिच्या हाताला पीठ होतं. "हिरवी पट्टी," ती म्हणाली. "निळी नव्हे. कितीदा लिहिलें मीं."

राजगोपालने तिच्याकडे पाहिलं, मग रघुरामाकडे पाहिलं. त्याला कळायला थोडा वेळ लागला. "सगळीं उत्तरें तुम्ही लिहिलीं, अक्का?"

"सगळीं."

"माझे बाबा गेले तेव्हां पत्र आलें होतें, तेंही?"

"तेंही मींच."

पण राजगोपालचा राग एवढ्याने जाणारा नव्हता. तो रघुरामाकडे वळून म्हणाला की सर, एवढं चांगलं चाललेलं असताना विकलंत का? रघुराम खांदे उडवून म्हणाला, "मला काय विचारतां? तें सगळें हिनेंच केलें."

त्याने ते कुरापत काढायला म्हटलं नव्हतं. घरात मीठ कुठे आहे हे विचारलं असतं तरी त्याने असंच उत्तर दिलं असतं. पण कामाक्षी तिथेच खांबाला टेकली आणि हळू आवाजात बोलली. आवाज हळू होता म्हणून दोघांनाही ऐकून घ्यावं लागलं.

"होय. मींच केलें. पत्रें मीं लिहिलीं, जाहिराती मीं आणल्या, बसमालक अंगावर धावून आला तेव्हां पाय मीं धरले. तें सगळें ह्यांच्या नांवावर. विकलें तें मात्र माझ्या नांवावर. चांगलें झालें तें ह्यांचें, वाईट झालें तें माझें. हें कसें काय, मला सांगा. तुम्ही दोघे शिकलेले आहात."

रस्त्यावरून फुलवाली ओरडत गेली. रघुराम आपल्या हातांकडे पाहत होता. राजगोपाल म्हणाला की कॉफी मिळेल का. तिने कॉफी केली. पितळी डवऱ्याच्या पसरट वाटीतून टंबलरमध्ये ओतता ओतता राजगोपाल हलकेच म्हणाला की फोटो हाताने रंगवलेला होता हे तर तुम्हीच कबूल केलं होतं. कामाक्षीने कपाळाला हात लावला. मग ती खुर्ची ओढून बसली आणि दोघं तासभर भांडली. जाताना त्याने भावासाठी तिच्याकडून डांगराचं थोडं उडदाचं पीठ बांधून घेतलं.

त्या रात्री रघुराम जेवताना गाड्यांबद्दल काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने चेन्नईच्या वर्तमानपत्राला स्वतःच्या हाताने एक पत्र लिहून पाठवलं, की बातमीत चूक आहे, कंपनी माझ्या बायकोने चालवली. बातमी नऊ महिने जुनी होती. पत्र छापून आलं नाही. त्याने ते पाठवलं होतं हेदेखील कामाक्षीला चिदंबरकडून कळलं, कारण पत्ता विचारायला रघुराम त्याच्याकडे गेला होता. तिला बरं वाटलं, आणि लगेच रागही आला, की हे करायला ह्या माणसाला इतकी वर्षं आणि एक परका माणूस लागला.

पुढच्या वर्षी दक्षिणद्वार बुडाली. आधी पगार थांबले, मग फोन थांबले. एका सकाळी साइट उघडली तर कोरं पान. कामाक्षीने चेन्नईला बरीच खटपट करून मंगलाला शोधलं. तिचीही नोकरी गेली होती, ती आईच्या घरी होती आणि प्रथमच सावकाश बोलत होती. सर्व्हर भाड्याचा होता, भाडं थकलं म्हणून सर्व्हरच्या मालकांनी तो पुसून टाकला, असं तिने सांगितलं. हॉर्न, फोटो, चार वर्षांच्या वेळा, सगळं. नाव परत मिळेल का, असं कामाक्षीने विचारलं. नाव आता कंपनीची मालमत्ता आहे, कंपनी कोर्टात आहे, असं मंगला म्हणाली. मग म्हणाली, मॅडम, तुम्ही सांगत होता ते मला कळत होतं. पण ते प्रवासी नाहीत असं लिहिलं असतं तर आम्हाला पैसेच मिळाले नसते. कामाक्षीला तिच्यावर ओरडायचं होतं. त्याऐवजी तिने जेवलीस का विचारलं आणि फोन ठेवला.

शेअरचे कागद कपाटात राहिले. रोख पैशातून घरावर एक मजला चढला, तो एका बँकवाल्याला भाड्याने दिला. कामाक्षीने एका नर्सिंग कॉलेजात हिशेबाची नोकरी धरली. तिथे दहाला जायचं, पाचला यायचं, आणि मध्ये कोणी कुठल्या गाडीचं नाव काढत नसे.

राजगोपालने न्यू जर्सीहून ई-मेलची एक यादी सुरू केली, जुन्या मंडळींसाठी. ही वेबसाइट नव्हे, त्यामुळे करारात बसत नाही, असं चिदंबरने वाचून सांगितलं. राजगोपालने कामाक्षीला लिहिलं की यादी तुम्हीच चालवा, आणि ह्या वेळी तुमच्या नावाने. तिने दोन दिवस विचार केला. तिच्या नावाने, हे वाचून तिला क्षणभर मोह झाला. मग तिला सोमवार आठवले. तिने लिहिलं, नको, पुरे झालं. रघुरामांना विचारा.

रघुराम हो म्हणाला. आता तो कॉलेजातून निवृत्त व्हायला आला होता. रोज संध्याकाळी कॉम्प्युटरसमोर बसून तो एका बोटाने उत्तरं लिही. एका उत्तराला तास लागे. मधूनच हाक मारी, कामाक्षी, हे दोन ओळींमध्ये अंतर कसं सोडायचं? पहिल्या आठवड्यात ती उठून गेली. नंतर बसल्या जागेवरूनच सांगू लागली. मग सांगणंही तिने कमी केलं. त्याची उत्तरं तुटक जात, तीन-तीन दिवस उशिरा जात, कोणाचं कोणाला जात. एखादी बाई वडिलांच्या गावची गाडी विचारी, तो तिला गिअरबॉक्सबद्दल लिही.

एका रविवारी सकाळी ती कॉलेजच्या कामासाठी पापनाशमला निघाली होती. चप्पल घालत होती, तेवढ्यात रघुरामाने बोलावलं. मस्कतहून एका जुन्या वाचकाचं पत्र आलं होतं. ते त्याने मोठ्याने वाचून दाखवलं. रघुराम सर, पूर्वी तुम्ही किती आपुलकीने लिहीत होता, घरच्या माणसासारखी विचारपूस करत होता. आता तुम्हाला काय झालं आहे? तब्येत बरी आहे ना?

वाचून झाल्यावर त्याने चष्मा काढला. तो दुखावला होता, हे तिला दिसलं. एवढ्या वर्षांत वाचकांपैकी कोणी त्याला पहिल्यांदाच वाईट म्हटलं होतं.

"ह्याला काय लिहूं?" त्याने विचारलं.

कामाक्षी दारात उभी होती. हसू आलं तिला, ते तिने आवरलं नाही.

"खरें काय तें लिहा," ती म्हणाली. "आणि तब्येत बरी आहे म्हणून कळवा, नाहीतर तो फोन करील."

ती रस्त्यावर आली तेव्हा आतून एकेक अक्षर पडत असल्याचा आवाज येत होता, मध्ये बराच वेळ थांबून.